पंखाची मुंगी, वाळवी की राणी? पकडलेली राणी मुंगी दिसण्यावरून अशी ओळखा

वळवाचा एक चांगला पाऊस पडून गेला, हवेत दमटपणा आला आणि वारा थांबला की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं जमायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पंखांचा सडा. त्यातच एखादी मोठी काळी मुंगी, पाठ फुगलेली, एकटीच भिंतीच्या कडेनं चाललेली दिसते. पोरं ती काचेच्या बाटलीत पकडतात आणि फोटो ग्रुपवर येतो, "ही राणी आहे का?"

विचारणारे तीन प्रकारचे असतात. काहींना नुसती हौस असते. काहींना भीती असते की ही वाळवी आहे, आता घराच्या चौकटी खाणार. आणि काहींना कुणीतरी सांगितलेलं असतं की राणी मुंगीला बाजारात पैसे मिळतात. तिघांसाठी पहिलं काम एकच आहे. बाटलीत जे आहे ते नक्की काय आहे हे ओळखायचं. आमच्या भावकीतल्या एका घरात पंखाच्या मुंग्या निघाल्या म्हणून लहान लेकरं असताना घरभर औषध मारलं होतं. त्या होत्या साध्या मुंगळ्याच्या राण्या, दिव्यावर आलेल्या. त्याच आळीत दुसऱ्या घरी खरोखर वाळवी चौकटीच्या बुडातून उडत होती आणि ते लोक "मुंग्याच आहेत, जातील" म्हणून गप्प बसले. दिवाळीपर्यंत चौकट पोकळ झाली. फरक ओळखायला दहा सेकंद लागतात, आणि हातात मोबाईल असला की झालं.

सगळ्यात आधी कंबर

मुंगीला कंबर असते, वाळवीला नसते. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये सुतासारखा बारीक भाग असतो. वाळवीचं अंग डोक्यापासून शेपटापर्यंत एकसारखं, तांदळाच्या दाण्यासारखं सलग असतं.

दुसरी खूण मिशांची. मुंगीची मिशी माणसाच्या हातासारखी कोपरात वाकलेली असते. वाळवीची मिशी सरळ असते आणि जवळून पाहिलं तर बारीक मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. तिसरी खूण पंखांची. वाळवीचे चारही पंख एकाच मापाचे, अंगापेक्षा बरेच लांब आणि नुसत्या धक्क्यानं गळणारे. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. सकाळी झाडताना पंखांचा ढीग निघाला आणि सगळे पंख एकसारखे असले, तर रात्री वाळवी आली होती असं खुशाल समजा.

आणखी एक खूण माझ्या मते सगळ्यात सोपी आहे, पण ती जिवंत असतानाच दिसते. पंख टाकल्यावर वाळवीची मादी पुढं आणि नर तिच्या मागं चिकटून, असे जोडीनं पळतात. आगगाडीचे दोन डबे जसे. मुंगीत असं होत नाही. मुंगीचा नर मिलनानंतर थोड्याच वेळात मरतो, राणी पुढचं सगळं एकटी करते. म्हणून जमिनीवर जोडी दिसली तर वाळवी, एकटी दिसली तर बहुतेक मुंगी. "मुंगीला पंख फुटले" असं आपण एखाद्याचा नाश जवळ आला की म्हणतो. नरांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. राण्यांतल्याही बहुतेक पहिल्याच रात्री कोतवाल, बेडूक आणि पालीच्या पोटात जातात.

वाळवी आहे असं ठरलं तरी लगेच पंप काढू नका. बाहेरून दिव्यावर आलेली पंखवाली वाळवी लाकूड खात नाही. बाहेरचा दिवा तासभर बंद ठेवा, किंवा दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवा, काम होतं. खरी काळजी तेव्हा, जेव्हा पाखरं घराच्या आतूनच बाहेर पडतात, म्हणजे भिंतीच्या भेगेतून, चौकटीच्या बुडातून किंवा फरशीच्या सांध्यातून. याचा अर्थ वाळवीचं घर तिथंच खाली आहे. तिथं चौकटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का.

जाता जाता एक गोष्ट. आपण नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा करतो ते मुंग्यांनी बांधलेलं नसतं, ते वाळवीचं असतं. आपल्या बांधावरची उंच, नक्षीदार बुरुजांची वारुळं बहुतेक ओडोन्टोटर्मिस ओबेसस या वाळवीची. आत खोलवर मातीच्या कोठडीत तिची राणी असते, पांढरट, बोटाएवढी जाड, अंड्यांनी फुगलेली, जागेवरून हलूही न शकणारी. विहीर खणताना किंवा जेसीबी चालवताना ती सापडते आणि लोक तिचा फोटो "राणी मुंगी" म्हणून टाकतात. ती मुंगी नाही.

मुंगी आहे, पण राणी आहे का?

इथं नुसत्या आकारावर जाऊ नका. मुंगळ्याच्या एकाच घरात बारकी कामकरी आणि मोठ्या डोक्याची कामकरी अशा दोन्ही असतात. मोठ्या डोक्याची ती राणी वाटते, पण ती असते शिपाई. फरक पाठीत आहे.

राणीला आयुष्यात एकदा का होईना उडायचं असतं. उडायला छातीत स्नायू लागतात. त्यामुळं राणीची छाती जाड, वर फुगलेली, बैलाच्या वशिंडासारखी भरलेली असते आणि वरून पाहिलं तर डोक्याइतकी किंवा जवळजवळ डोक्याइतकी रुंद दिसते. कामकरी मुंगीची छाती मात्र डोक्याच्या मानानं अगदी चिपाड. राणीच्या पाठीवर वेगवेगळे तुकडे जोडल्यासारख्या रेघा दिसतात, पंख जिथं बसवलेले होते तिथं दोन्ही बाजूंना छोटे व्रण किंवा खुंट असतात. पंख गळालेली राणी ओळखायची हीच पक्की जागा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही हे व्रण दिसतात, फोटो बाजूनं काढला तर.

डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये वरच्या बाजूला तीन बारीक ठिपके असतात. तेही डोळेच. मुंगळ्याच्या कामकरीला हे ठिपके नसतात, राणीला असतात. पोटही मोठं आणि ताणलेलं असतं, पण पोटावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. साखरेचं पाणी पिऊन आलेल्या कामकरीचंही पोट टम्म फुगतं.

पंख आहेत म्हणून राणी, असंही नाही. नरालाही पंख असतात. नर राणीपेक्षा लहान, अंगानं सडपातळ, डोकं इवलंसं आणि त्या डोक्याच्या मानानं डोळे बटाट्यासारखे मोठे. जबडाही नावालाच. चावत नाही, खणत नाही. पंख असलेल्या राणीचं डोकं मात्र कामाचं, जबड्याचे चिमटे स्पष्ट दिसतात.

पंख अजून अंगावर असले तर तिचं मिलन झालेलं असण्याची शक्यता कमी. मिलनानंतर राणी पाय घासून स्वतःचे पंख स्वतःच तोडते. हा नियम सगळ्या राण्या पाळतात असं नाही, पण पंख गळालेली आणि जमिनीत शिरायला जागा शोधणारी राणी मिळाली तर ती नवीन घर मांडायच्या तयारीत आहे असं समजायला हरकत नाही.

कोणत्या जातीची? कंबरेच्या गाठी मोजा

भारतातल्या मुंग्यांची २०१६ साली प्रसिद्ध झालेली यादी पाहिली तर जाती आणि उपजाती मिळून ८२८ नावं आहेत. त्यामुळं फोटोवरून नेमकी जात सांगणारा माणूस भेटला तर जरा सावध राहा. पण गट ओळखता येतो, आणि शेतकऱ्याला तेवढं पुरतं.

कंबरेवर वर उठलेली गाठ असते. काहींना एक, काहींना दोन. बाजूनं फोटो काढून मोठा करून बघितलं की कळतं.

एक गाठ, अंग काळं, लांबी साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे शेंगदाण्याएवढी, आणि बाजूनं पाहिल्यावर पाठीची रेघ गुळगुळीत कमानीसारखी, मध्ये खाच नाही. हा आपला मुंगळा, कुठं याला डोंगळा म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पावसाळ्याच्या तोंडाला दिव्यावर येणाऱ्या मोठ्या काळ्या राण्यांत हिचीच गर्दी जास्त. हिला नांगी नाही. चावते आणि चावलेल्या जागी आम्ल सोडते, चुरचुरतं, तेवढंच. याच कुळात पोटावर सोनेरी लव असलेल्या आणि तपकिरी रंगाच्याही राण्या असतात. मुंगळा पिकाला थेट खात नाही, पण मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा गोड चिकटा पिण्यासाठी त्यांची राखण करतो. डाळिंबाच्या झाडावर मुंगळ्यांची रांग दिसली तर मुंगळ्यावर औषध मारण्याआधी वर शेंड्याला मावा आहे का ते बघा.

एक गाठ, पण लांबी दोन ते अडीच सेंटिमीटर आणि रंग हिरवट किंवा हिरवट तपकिरी. ही झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंगीची राणी, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्यांची. कामकरी तांबूस आणि राणी हिरवट, त्यामुळं ही दुसरीच कुठली मुंगी असं वाटतं. शास्त्रीय नावातला स्मॅराग्डिना हा शब्दही पाचूच्या रंगावरूनच आलेला आहे. आंबा-काजूच्या बागेत ही कीड खाते म्हणून उपयोगाची. फळं उतरवताना मात्र जीव नकोसा करते, हे बागवाल्यांना मी सांगायला नको.

एक गाठ, आणि पोटाच्या पहिल्या भागानंतर दोरी आवळल्यासारखी खाच, अंग कडक आणि लांबट. ही नांगीवाल्या शिकारी मुंग्यांच्या गटातली राणी. हिला बोटात धरू नका, डंख मारते. या गटातल्या बऱ्याच राण्या सुरुवातीला स्वतः शिकार शोधायला बाहेर पडतात, म्हणून पंख नसलेली राणी भरदिवसा भटकताना दिसली तर या गटाची शंका घ्यावी.

आता दोन गाठीवाल्या. साधारण सात-आठ मिलिमीटर, तांबूस तपकिरी, चकचकीत राणी, कंबरेच्या वर पाठीला काटे नाहीत, तर ती आग्या स्वभावाची लाल मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, असू शकते. मूळची अमेरिका खंडातली, जहाजांबरोबर जगभर पसरलेली. नांगी मारली की आग होते आणि फोड येतो. बी खाते, कोवळी रोपं कुरतडते, आणि हवाई बेटांवर उसाच्या ठिबकच्या नळ्या कुरतडल्याच्याही नोंदी आहेत. ही राणी रोपवाटिकेजवळ मिळाली तर मी सोडणार नाही. बाकी सगळ्या सोडा. तशीच दोन गाठींची पण पाठीवर मागं दोन बारीक काटे असलेली राणी असेल, तर ती बहुधा धान्य गोळा करणाऱ्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांच्या, म्हणजे फेडोलेच्या कुळातली. पोट वरून बदामाच्या पत्त्यासारखं दिसलं आणि शेपटाचं टोक वर उचलायची सवय असली तर झाडावर काळी, कागदासारखी घरटी करणारी क्रेमॅटोगॅस्टर.

घरात साखरेच्या डब्यात येणाऱ्या बारीक पिवळसर मुंगीची राणी पावसात उडून येत नाही. ती जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी, घरातच राहते आणि एका घरात अनेक राण्या असतात. म्हणून एक राणी मारून त्या मुंग्या संपत नाहीत. उलट नुसता फवारा मारला की वसाहत फुटून दुसऱ्या खोलीतही जाते.

रंगाबद्दल एवढंच, की त्यावर जाऊ नका. नुकती कोषातून निघालेली राणी फिकी असते, फ्लॅश पडला की काळी मुंगी तांबडी दिसते.

राणी वाटणारे, पण राणी नसलेले

ग्रुपवर येणाऱ्या फोटोंमध्ये हे खूप असतात.

दिव्यावर धपकन आदळणारा, दोन सेंटिमीटरच्या वर, मधाच्या रंगाचा, केसाळ, लांब सॉसेजसारख्या पोटाचा पंखवाला किडा. गांधीलमाशी समजून लोक घाबरतात, जाणकार म्हणवणारे त्याला राणी म्हणतात. तो डोरायलस नावाच्या जमिनीखालच्या मुंगीचा नर आहे. नांगी नाही. त्या मुंगीची राणी आंधळी, बिनपंखी आणि सदैव जमिनीखाली असते, ती दिव्यावर कधीच येणार नाही. पण हा नर दिसला तर एक फायदा आहे. जवळपास ही मुंगी आहे हे कळतं. बटाटा, भुईमूग लावणाऱ्यांनी काढणीच्या वेळी शेंगांना, बटाट्याला भोकं पडली आहेत का हे बघावं, कारण या कुळातली एक जात तिथं नुकसान करते.

काळी, सेंटिमीटरभर लांब, अंगावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा, एकटीच फिरणारी मुंगी. डायाकॅमा. हिच्यात वेगळी दिसणारी राणी जन्मालाच येत नाही. घरातली एक कामकरीच अंडी घालते. पाठीवर कळीसारखे दोन छोटे अवयव असतात. अंडी घालणारी स्वतःचे शाबूत ठेवते आणि नव्या निघालेल्या बाकीच्यांचे तोडून टाकते. ज्यांचे तुटले त्या आयुष्यभर कामकरी. गावकीच्या राजकारणापेक्षा कडक कारभार म्हणायचा! सह्याद्रीच्या भागात उडी मारणारी, लांब चिमट्यासारख्या जबड्याची आणि मोठ्या डोळ्यांची मुंगी मिळते, हार्पेग्नॅथस साल्टेटर. हिला राणी असते, पण ती कामकरीसारखीच दिसते आणि राणी मेली तर कामकरीही अंडी घालू शकतात. या दोन मुंग्यांच्या बाबतीत वर सांगितलेल्या फुगलेल्या पाठीच्या खुणेवर फार भिस्त ठेवू नका.

मखमली लव असलेली, छाती तांबडी, पोट काळं आणि त्यावर पांढरे ठिपके, भराभर चालणारी "मुंगी" दिसली तर हात लावू नका. ती बिनपंखी गांधीलमाशीची मादी आहे आणि तिचा डंख फार दुखतो. आणि ओंबिलासारखा दिसणारा एक कोळीही असतो. पाय मोजा. आठ असले तर कोळी.

फोटो कसा काढायचा

ओळख विचारायची तर फोटो उपयोगाचा हवा. तळहातावर ठेवून दूरून काढलेल्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही. पारदर्शक डबीत पांढरा कागद ठेवून राणी आत सोडा, शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवा. एक फोटो बरोबर बाजूनं, कंबर दिसेल असा. एक वरून, पाठ आणि डोकं दिसेल असा. फार पळत असेल तर डबी पाचेक मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की ती मंदावते, फ्रीझरमध्ये मात्र नको. तारीख, वेळ, पाऊस कधी पडला आणि ती दिव्यावर होती की जमिनीवर, हे सोबत लिहा. ओळखीचं अर्धं काम या माहितीवर होतं.

डंख बसून ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

पैशाच्या गोष्टीबद्दल

राणी मुंग्या हौसेनं पाळणारे लोक परदेशात आहेत आणि त्यांचा बाजारही आहे, हे खरं. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० राणी मुंग्या काचनळ्यांमध्ये भरून बाहेर नेण्याच्या प्रकरणात बेल्जियमचे दोन १९ वर्षांचे तरुण पकडले गेले. त्यांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभर तुरुंग, अशी शिक्षा झाली. आपल्याकडं २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला इथले जीव न्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. "राणी गोळा करून द्या, पैसे देतो" असं कुणी म्हणालं तर मांडुळाच्या नावावर किती जण अडकले ते आठवा. आधी अनामत मागणारा तर सरळ फसवणारा समजायचा.

पोरांना बघायचीच असेल तर मुंगळ्याची पंख गळालेली एक राणी घ्या. काचनळीत थोडं पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडालाही कापूस. अंधारात ठेवायची. साखर, भात काही टाकायचं नाही. ती छातीतले उडायचे स्नायू जिरवून त्यावर पहिली पिलं वाढवते, महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी निघतात, त्या नेहमीपेक्षा बारक्या असतात. गोड पाण्याचा थेंब तेव्हापासून. रोज उघडून बघितलं तर ती स्वतःचीच अंडी खाते, हे पोरांना आधी सांगा. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे, तेव्हा काम किती लांबणार याचाही विचार करा.

तेवढी हौस नसेल तर सावलीत, मऊ ओल्या मातीवर सोडून द्या. जागा पटली तर काही वेळातच खणायला लागते. फोटो आणि तारीख मात्र जपून ठेवा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडं लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यात गावात दिसलेल्या मुंगीचीही नोंद करता येते.